गाडीसोबत आलेला जॅक: भरवसा कुठवर ठेवायचा?

घाटवाट (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

नवी गाडी घेतली की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, "कंपनीचा जॅक काय कामाचा नसतोय, काढून टाक आणि हायड्रॉलिक घेऊन ठेव." दुसरीकडं अशीही माणसं आहेत जी त्याच जॅकवर गाडी चढवून सायलेन्सर बघायला खाली आडवी होतात. पहिला सल्ला मला अर्धवट वाटतो आणि दुसरी गोष्ट जीवावर बेतणारी. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे चर्चा मुद्द्यावर राहील. छोट्या गाड्यांसोबत येणारा कैची जॅक एकाच कामासाठी बनवलेला असतो: सपाट, टणक जमिनीवर एक चाक काढून दुसरं बसवणं. तेवढ्या कामाला तो पुरतो, आणि नीट सांभाळला तर गाडी विकेपर्यंत पुरतो. तो दगा देतो तेव्हा बहुतेक वेळा कारण जॅकबाहेरचं असतं. खाली चिखल असतो, जॅकचं डोकं (वरचं टोक) भलत्याच ठिकाणी टेकवलेलं असतं, बाकीची चाकं अडवलेली नसतात, नाहीतर स्क्रू गंजून गेलेला असतो.

अडचण आपल्या कोल्हापूर भागाची आहे. गगनबावड्याकडं, आंबा घाटात, राधानगरीवरून फोंड्याकडं किंवा आजऱ्यावरून आंबोलीकडं पावसात गेलात तर डांबर संपलं की लाल चिखल. शिरोळ-हातकणंगले बाजूला काळी माती. पुणे-बेंगळुरू हायवेवर सहापदरीकरणामुळं कुठं वळणरस्ता, कुठं सुटी खडी, कुठं साइडपट्टीच नाही. मॅन्युअलमध्ये सपाट आणि टणक जागी गाडी लावा असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ती जागा गाठणं हेच आपल्याकडं निम्मं काम आहे.

तर अनुभव लिहा. जॅक कुठं घसरला, कशामुळं घसरला, खाली काय ठेवता, कुठल्या गाडीला कुठं लावता. कुठली कंपनी भारी ही चर्चा इथं नको, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

कागल_नाका | सोमवार, रात्री ९.४५

आदर ठेवून असहमत. तुम्ही सगळा दोष जमिनीवर आणि माणसावर टाकताय. माझ्या जुन्या गाडीचा आणि आताच्या गाडीचा जॅक शेजारी शेजारी ठेवून बघितलाय. जुन्याचा पत्रा जाड, नव्याचा पातळ, पाया तळहाताएवढा. गेल्या पावसाळ्यात निपाणीच्या अलीकडं नवा जॅक चढवताना एका अंगाला कलला आणि खालचा एक हात वाकला. जमीन डांबरीच होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "तुम्हीच तिरका लावला असणार" म्हणून हात झटकले आणि दुसऱ्या जॅकचे पैसे घेतले.

लाखोंची गाडी विकताना पायाखाली घालायला एक रुंद प्लेट द्यायला कंपन्यांना काय जड जातं? आपले रस्ते कसे आहेत हे त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०.३०

मी उद्यमनगरात मशीन शॉपवर आहे, आटे पाडणं हे रोजचं काम. तुम्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. का ते सांगतो, जरा लांबेल.

कैची जॅकमध्ये आडवा स्क्रू असतो. दांडा फिरवला की तो दोन्ही बाजूचे सांधे एकमेकांकडं ओढतो आणि चारी हात उभे होत जातात. त्या आट्यांचा चढ मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो की गाडीच्या वजनानं स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. हा या जॅकचा सगळ्यात मोठा गुण, आणि तो कुणी लक्षात घेत नाही. बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावर उभा असतो. सील कडक झालं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की गाडी हळूहळू बसत जाते. वर्षानुवर्षं डिकीत आडवा पडलेला, उन्हात तापलेला आणि कधीच न वापरलेला बॉटल जॅक मला तरी कंपनीच्या कैची जॅकपेक्षा जास्त भरवशाचा वाटत नाही.

आता ताकदीचं. समजा जॅकवर ४०० किलो भार आहे. हात जमिनीशी २० अंशांचा कोन करत असताना स्क्रूवर साधारण ११०० किलोची ओढ येते. ४५ अंशांवर ती ४०० होते आणि ६० अंशांवर २३० च्या आसपास. म्हणजे जॅक सगळ्यात जास्त सोसतो तो अगदी दबलेला असताना. पहिले फेरे जड जातात ते यामुळंच, जॅक खराब आहे म्हणून नव्हे. उलट पूर्ण वर गेल्यावर स्क्रूला आराम मिळतो, पण उंची वाढल्यानं बाजूचा धक्का सोसवत नाही. मधली उंची सगळ्यात चांगली.

कागल_नाका, तुमचा जॅक कलला त्याबद्दल. हातांची टोकं पायाजवळ आणि डोक्याजवळ दातेरी असतात, एकमेकांत अडकलेली. त्या दातांमुळं डावा आणि उजवा हात सारखाच उघडतो आणि डोकं सरळ वर जातं. एखादा दात चेपला किंवा मध्ये खडा अडकला की एक बाजू पुढं धावते, डोकं तिरकं होतं आणि भार एकाच हातावर येतो. पातळ पत्र्याचा हात मग वाकणारच. तो जॅक अजून घरात असेल तर दात बघा.

पत्रा पातळ असतो हे मी नाकारत नाही. वजन आणि खर्च वाचवायला तो तसा केलेला असतो, आणि त्यामुळं चुकीला जागा उरत नाही. वाकलेला हात ठोकून सरळ करून परत वापरू नका. एकदा वाकलेला पत्रा दुसऱ्यांदा फार कमी भाराला वाकतो.

कागल_नाका | मंगळवार, सकाळी ७.२०

आत्ता दिव्याखाली धरून बघितला. डोक्याकडचे दोन दात चेपलेत. म्हणजे तुमचं निदान बरोबर दिसतंय. पण जॅक नवाकोरा होता, मग दात आधीच चेपलेले आले की माझ्या हातात चेपले हे मला आता कोण सांगणार? नवी गाडी ताब्यात घेताना आपण रंग बघतो, काचा बघतो. जॅक पिशवीतून काढून एकदा पूर्ण उघडून बघायला पाहिजे, हे मी आता सगळ्यांना सांगतोय. पाया लहान आहे हा मुद्दा मात्र सोडत नाही.

बांधावरची | मंगळवार, सकाळी ८.०५

पाया लहान आहे यात वादच नाही. आमच्या शिरोळ भागात पावसाळ्यात काळ्या मातीवर जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. दांडा फिरवत राहायचं आणि गाडीचं सिल (दाराखालची पट्टी) आहे तिथंच. वाईट म्हणजे तो सरळ खाली जात नाही, मऊ बाजूला कलत जातो.

आमच्या गाडीत बाभळीची जाड फळी कायम असते, फूटभर लांब-रुंद. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला वापरायची सवय होती, तीच गाडीत आली. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातल्या वाटेवर ट्रॉलीच्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की गाडी तिथं उभी करून चाक बदलायचं धाडस आम्ही करतच नाही. पंक्चर टायरवरच सावकाश पक्क्या रस्त्यापर्यंत आणतो. टायर गेला तर गेला.

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ८.४०

ताईंच्या फळीचं गणित बघा. जॅकचा पाया साधारण ११ बाय ७ सेंटिमीटर धरा, म्हणजे ७७ चौरस सेंटिमीटर. ४०० किलो त्यावर टाकले तर दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या वर दाब. भिजलेली मऊ माती एक किलोसुद्धा धड पेलत नाही. आता खाली ३० बाय ३० ची फळी आली की क्षेत्रफळ ९०० आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली. तोच जॅक, तीच गाडी, तीच माती.

फक्त फळी न वाकणारी पाहिजे. पातळ प्लाय मध्येच दबतो आणि कडा वर उचलतात, मग रुंदीचा उपयोग होत नाही. दोन थर १८ मिलिमीटरच्या प्लायचे चिकटवून, स्क्रू मारून घेतले तरी चालतं. टाइल, फरशी, वीट यातलं काहीही वापरू नका, भाराखाली ते सांगून फुटत नाही.

नवी_गाडी | मंगळवार, दुपारी १.१५

दादा, माझा प्रश्न साधा आहे. पंक्चर झाल्यावर ती बाजू आधीच खाली बसलेली असते. त्यात फळी ठेवली तर जॅक आत शिरेल का? आणि जॅक नेमका कुठं लावायचा? खाली वाकून बघितलं तर सगळीकडं काळं प्लास्टिक दिसतंय.

घाटवाट | मंगळवार, दुपारी २.००

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि उत्तर घरासमोरच शोधून ठेवायचं असतं. एखाद्या रविवारी पुढच्या चाकाची हवा पूर्ण सोड (पंप हाताशी ठेवून), आणि फळी अधिक दबलेला जॅक आत जातोय का बघ. बहुतेक छोट्या गाड्यांचे जॅक दबल्यावर दहा सेंटिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळं साडेतीन सेंटिमीटरची फळी सहसा मावते. नाही मावली तर पातळ पण कडक काहीतरी शोधावं लागेल, पोलादी प्लेट वगैरे.

जागेबद्दल: दाराखालच्या सिलची कड हातानं चाचपत जा. पुढच्या चाकाच्या मागं आणि मागच्या चाकाच्या पुढं त्या पत्र्याच्या कडेला जवळजवळ दोन-दोन खाचा लागतील. त्या प्रत्येक जोडीतल्या दोन खाचांच्या मधला भाग आतून मजबूत केलेला असतो. जॅकच्या डोक्याला जी चीर असते तिच्यात ही कड बसली पाहिजे. प्लास्टिकवर टेकवलास तर प्लास्टिक फुटेल. आत सरकवून फ्लोअरच्या पत्र्याला टेकवलास तर पत्रा आत जाईल आणि जॅक निसटेल. रात्री, पावसात, मोबाईलच्या उजेडात ही खाच शोधणं अवघड जातं. दिवसा एकदा सापडली की सिलवर आतल्या बाजूनं पांढऱ्या रंगाचा ठिपका मारून ठेव.

जॅक गाडीत कुठं आहे तेही बघून ठेव. काही गाड्यांत तो सीटखाली असतो, काहींत डिकीच्या बाजूच्या झाकणामागं.

दाजीपूर_रोड | मंगळवार, रात्री ९.३०

इथं सगळे छोट्या गाड्यांबद्दल लिहितायत, बोलेरोवाल्यांच्या वतीनं मी लिहितो. चासीवाल्या, म्हणजे वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बसवलेल्या गाड्यांना जॅक सिलच्या कडेला लावायचा नसतो. एक्सलखाली किंवा चासीखाली, मॅन्युअलमध्ये जिथं दाखवलंय तिथंच. एक्सलखाली लावल्याचा फायदा असा की सस्पेन्शन लोंबकळत नाही, थोडं उचललं की चाक सुटतं. बॉटल जॅक असेल तर तो अगदी उभा पाहिजे, जरा तिरका झाला की दांडा निसटायला वेळ लागत नाही.

पण मला जे तळमळीनं सांगायचंय ते वेगळंच आहे. "गाडी गिअरमध्ये टाकलीय, हँडब्रेक ओढलाय, आता कुठं जातीय?" असं म्हणणारे खूप भेटतात. नीट विचार करा. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा किंवा मागच्या चाकांवर चालणारी स्कॉर्पिओ घ्या. गिअर धरतो मागच्या चाकांना, हँडब्रेकही मागच्याच चाकांना. तुम्ही मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरन्शियलमुळं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळं) ते चाक मोकळं फिरू शकतं, म्हणजे गिअरनं काहीच धरलेलं राहत नाही. हँडब्रेक धरतो ते जमिनीवरचं एकच चाक. आणि पुढची दोन्ही चाकं तर पहिल्यापासून मोकळीच. उतारावर अशी गाडी जॅकवरून पुढं निघते.

छोट्या गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं असतं. तिथं पुढचं चाक उचललं तर गिअर निरुपयोगी, मागचा हँडब्रेक धरून ठेवतो. मागचं उचललं तर हँडब्रेकचं एकच चाक उरतं, पण गिअर पुढच्या दोन्ही चाकांना धरतो. म्हणून दोन्ही लागतात. ऑटोमॅटिक गाडीत पार्किंगला टाकलं तरी हिशेब हाच.

आणि या सगळ्यावर दगड. उचलायच्या चाकाच्या कर्णातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. बोलेरोसारख्या गाडीचं मागचं चाक काढायचं असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना. घाटात दगडांना तोटा नाही, पण पावसात शेवाळलेला गोल दगड चाकाखालून सरकतो. चपटा, कोपरे असलेला बघून घ्यावा. मी लाकडाच्या दोन पाचरी गाडीतच ठेवल्यात.

घाटवाट | मंगळवार, रात्री १०.००

दाजीपूर_रोड, ही माहिती मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवी इतकी मोलाची आहे. करूळ घाटात किंवा भुईबावड्याला जाणाऱ्यांनी तर पाठच करावी.

गडहिंग्लज_अपडाऊन | बुधवार, सायंकाळी ६.२०

मी शिक्षिका आहे, रोज गडहिंग्लजला गाडीनं जाते. चाक बदलायला ताकद लागते म्हणून बायकांनी त्या वाटेला जाऊ नये, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता शाळेतल्या सगळ्या सहकारी बायकांना मीच शिकवते.

ताकद जॅकला लागत नाही, ती नटांना लागते. आणि त्याचं कारण टायरवाले. चाकं अदलाबदल करताना एअर गननं नट इतके आवळतात की गाडीतल्या छोट्या पान्यानं ते हलतच नाहीत. मग माणूस गाडी जॅकवर असताना पान्याला लोंबकळतो, लाथा घालतो, आणि सगळा झटका जॅकला बसतो. त्यामुळं माझा नियम: नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, गाडी त्यानंतर उचलायची. आणि टायरवाल्याकडून निघताना त्याला सांगायचं, शेवटचं आवळणं हातानं कर, मी बघतेय. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण ४० किलोचा जोर दिला की १०० न्यूटन-मीटर होतात. तेवढं कुणालाही जमतं. त्याच पान्यावर लांब पाइप चढवला तर सोडवताना आणखी सोपं.

दुसरी गोष्ट म्हणजे अडकलेलं चाक. सगळे नट निघालेत, चाक मात्र हबला (ज्यावर चाक बसतं त्या भागाला) गंजून घट्ट धरलेलं. इथं लोक दोन्ही हातांनी चाक गदागदा हलवतात किंवा खाली बसून लाथ मारतात. माझ्या मते जॅकवरून गाड्या पडतात त्यातल्या बऱ्याच या क्षणी पडत असणार. त्याऐवजी सगळे नट परत हातानं लावा, थोडे सैल ठेवून. गाडी खाली घ्या. पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढं, हातभर मागं. गाडीच्याच वजनानं चाक सुटतं. मग परत उचला. पाच मिनिटं जास्त जातात.

बांधावरची | बुधवार, सायंकाळी ६.५०

बाई, नटांवर लाथ मारणारे आमच्याकडं घरोघरी आहेत. तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर पाठवला.

शिरोली_पूल | बुधवार, रात्री ८.४५

आमच्या भागातल्यांसाठी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्या धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुढं विकल्या गेल्या. गाडी कितीही चकाचक केली तरी जॅकची पिशवी कुणी उघडत नाही. जुनी गाडी घेताना मी पहिल्यांदा जॅक मागतो. आट्यांच्या खोबणीत आणि सांध्यांच्या आत वाळलेला बारीक गाळ दिसला की ती गाडी कुठं उभी होती ते कळतं.

तो जॅक वापरायचा असेल तर आधी रॉकेलनं किंवा डिझेलनं धुऊन, तारेच्या ब्रशनं आटे साफ करून घ्या. गाळासकट ग्रीस लावलं तर ते घासून आटे खातं. आणि आटे खाल्ले गेलेत असं वाटलं तर जॅक सरळ भंगारात घाला.

आणखी एक: जुन्या गाडीतला जॅक त्याच गाडीचा असेलच असं नाही. त्याच्यावर किती किलोचा आहे ते छापलेलं असतं. छोट्या हॅचबॅकचा जॅक मोठ्या गाडीत पडलेला मी बघितलाय.

नवी_गाडी | बुधवार, रात्री ९.१०

हवेवर चालणारे आणि सिगारेट लायटरला जोडायचे इलेक्ट्रिक जॅक ऑनलाइन दिसतात. ते घ्यावेत का?

उद्यमनगरी | बुधवार, रात्री ९.४०

लायटरवर चालणारे बरेचसे आतून कैची जॅकच असतात, दांड्याच्या जागी मोटर. कंबर किंवा मनगट दुखणाऱ्यांना उपयोगी. पाया तसाच लहान, फळी तशीच लागते. हवेची पिशवी असलेले चिखलात बरे पडतात, पण धारदार खडीवर नाहीत, आणि गाडी त्यांच्यावर डोलते. तुला दोन्हींची गरज नाही.

रंकाळा_संध्याकाळ | गुरुवार, सकाळी ७.३०

रात्री धागा वाचून झोप आली नाही, म्हणून लिहितोय. आमच्या गल्लीतला एक मुलगा, शिकायला आयटीआयला होता, गाड्यांचं वेड. घरच्या गाडीखालून आवाज येतोय म्हणून कंपनीच्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरला. गल्लीला जरासा उतार, जॅक फरशीवर, चाकाला काही लावलेलं नव्हतं. त्याच्या बहिणीनं सामान काढायला मागचं दार उघडलं आणि तेवढ्या धक्क्यानं गाडी सरकली. तो अर्धा बाहेर आलेला होता म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं, हात अजून पूर्ण वर जात नाही.

त्या मुलाला आटे, दात, भार सगळं समजत होतं. जॅक तुटलाच नाही. तो आडवा पडला होता, धडधाकट, परत वापरता येईल असा. जॅक चांगला की वाईट या चर्चेत ही गोष्ट हरवू नये, एवढंच मागणं आहे. चांगल्यात चांगल्या जॅकवरही गाडीखाली जायचं नाही. हातसुद्धा नाही.

घाटवाट | गुरुवार, सकाळी ८.१५

लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या गल्लीतल्या त्या मुलाचा हात पूर्ण बरा होवो.

जोडून दोन गोष्टी. चाक बदलतानासुद्धा स्टेपनी आधी बाहेर काढून जॅकच्या शेजारी सिलखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी स्टेपनीवर बसते, तुमच्या पायावर नाही. खराब चाक निघालं की ते तिथं सरकवायचं आणि स्टेपनी बाहेर घ्यायची. आणि गाडी उचलायच्या आधी सगळी माणसं खाली उतरवा, मुलांना लांब उभं करा, दारं-डिकी परत उघडायची नाहीत.

खाली जायचंच असेल तर जॅक फक्त उचलायला, भार द्यायचा तो जॅक स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलायला खाली ठेवायच्या पक्क्या टेकूवर. तोही डोळे झाकून नको. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीनं विकलेले तीन टनी आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येनं परत मागवावे लागले होते, कारण दातेरी पट्टीत अडकणारी खिट्टी भाराखाली निसटू शकत होती. आरपार पिन घालायची सोय असलेला स्टँड घ्या आणि गाडी त्यावर ठेवल्यावर बाहेरूनच हातानं हलवून बघा.

कागल_नाका | गुरुवार, दुपारी १२.३०

हायवेचा विषय राहिला. उजव्या बाजूचं चाक पंक्चर झालं आणि शेजारून कंटेनर जातायत, तर जॅक कितीही चांगला असला तरी तिथं बसू नका. मोठा ट्रक जवळून गेला की वाऱ्याच्या झोतानं उचललेली गाडी हलते, हे मी स्वतः अनुभवलंय. हॅझर्ड लावून सावकाश सर्व्हिस रोडवर किंवा पेट्रोल पंपावर न्या. रिमसुद्धा गेला तरी चालेल. अगदीच हलता येत नसेल तर त्रिकोण किमान ५० मीटर मागं ठेवा, माणसं कठड्यापलीकडं, आणि १०३३ ला फोन. ती राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन आहे.

आणि पुढं तर प्रश्नच बदलणार आहे. २०२० मध्ये मोटार वाहन नियम बदलले, तेव्हापासून ट्यूबलेस टायर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. स्टेपनी गेली की जॅकही जातो. किटमधलं द्रव खिळ्याचं भोक बुजवतं, पण खड्ड्याच्या कडेनं टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. आणि आपल्याकडं टायर फाटतात ते बाजूलाच. पुढची गाडी घेताना मी स्टेपनी आणि जॅक आहे का हे आधी विचारणार. घाटवाट, जॅकवर मी टीका केली, पण तो गाडीत नसावा असं मात्र मला अजिबात वाटत नाही.

नवी_गाडी | गुरुवार, रात्री ८.००

सगळ्यांचे आभार. आज जॅक काढून पूर्ण उघडून बघितला. दात ठीक आहेत, खाचाही सापडल्या, ठिपके मारले. स्क्रू कोरडा ठणठणीत आहे. कुठलं ग्रीस लावू? आणि शहरात फळी कुठं मिळेल?

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री ८.२५

साधं लिथियम ग्रीस, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. आट्यांवर पातळ थर, आणि दांडा अडकवतो त्या टोकाला जिथं वॉशर फिरतो तिथंही थोडं, कारण निम्मा जोर तिथल्या घर्षणातच जातो. डोक्याच्या चिरेत आणि पायाच्या तळाला अजिबात नको, तिथं पकड हवी. मग जॅक दोनदा पूर्ण वर-खाली फिरव आणि पिशवीत घाल. दर पावसाळ्याच्या तोंडाला एकदा बघितलं की झालं.

फळीसाठी टिंबर मार्केटमध्ये कुठल्याही वखारीत उरलेला तुकडा माग, फूट बाय फूट, दीड इंच जाड. गाठ नसलेला बघून घे, गाठीवर लाकूड चिरतं.

बांधावरची | गुरुवार, रात्री ८.५०

आणि त्या फळीच्या एका कडेला भोक पाडून जाड दोरी ओवून घे. काम झाल्यावर फळी चिखलात रुतून बसलेली असते, तेव्हा ओढून काढायला हातात काहीतरी लागतं.